पत्र्याच्या ट्रंकेतली ओळख

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



या मंडपात दरवर्षी भजन होतं, कीर्तन होतं, पोरांचे नाच होतात, एखादं नाटक होतं. यंदा कार्यकर्त्यांनी मला गाठलं आणि म्हणाले, "गुरुजी, तुमच्या त्या जुन्या कागदांवर बोला." गावात काही जण मला माघारी ‘रद्दीवाले गुरुजी’ म्हणतात, हे मला ठाऊक आहे. मला त्याचा राग नाही. नाव चुकीचं नाही. रद्दीत काय सापडतं आणि ते कुणाचं असतं, एवढंच आज मला सांगायचं आहे.

सुरुवात जरा लांबून करतो. जगात पोस्टाची तिकिटं गोळा करणारे आहेत, नाणी गोळा करणारे आहेत. तसेच जुन्या फौजांची ओळखपत्रं गोळा करणारेही आहेत. त्यातल्या काहींचा जीव फक्त एका गोष्टीत असतो, ती म्हणजे सोव्हिएत आरमारातल्या अधिकाऱ्यांची ओळखपत्रं. शर्टाच्या खिशात मावेल एवढी, जाड पुठ्ठ्याची पुस्तिका. आत फोटो, फोटोच्या कोपऱ्यावर अर्धा फोटोवर आणि अर्धा कागदावर उमटलेला गोल शिक्का, खाली सही. पुढच्या पानांवर हुद्दे. कधी लेफ्टनंट झाला, कधी ‘तिसऱ्या श्रेणीचा कॅप्टन’ झाला, कधी दुसऱ्या श्रेणीचा. मग नेमणुका, मिळालेली पदकं, नावावर दिलेलं पिस्तूल, बायकोचं नाव, मुलांची नावं. म्हणजे एका माणसाची पंचवीस-तीस वर्षं एवढ्याशा पुस्तिकेत, आणि प्रत्येक ओळ वेगळ्या कारकुनाच्या हातची, वेगळ्या शाईतली.

अधिकारी नोकरीतून निवृत्त झाला की ही पुस्तिका सरकारला परत द्यायची आणि राखीव दलाचं वेगळं पुस्तक घ्यायचं, असा तिकडचा रिवाज. त्यामुळे सेवेतलं मूळ ओळखपत्र कमी टिकलं, आणि जे कमी टिकतं त्याची किंमत वाढते. किंमत वाढली की नकली माल आलाच. कोरी राहिलेली पुस्तकं कुणीतरी भरतो, फोटो चिकटवतो, शिक्का मारतो आणि विकतो. म्हणून जाणकार माणूस आधी नाव बघत नाही. तो शिक्का फोटोवरून कागदावर सलग उतरला आहे का ते बघतो, तारखा एकमेकींशी जुळतात का ते बघतो, आणि टाचणी बघतो. टाचणीची गोष्ट मजेशीर आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मन हेर खोटी सोव्हिएत कागदपत्रं घेऊन यायचे. कागद हुबेहूब, पण पानं शिवायला चांगल्या, न गंजणाऱ्या तारेच्या टाचण्या. खऱ्या सोव्हिएत पुस्तकातली तार साधी लोखंडी, ती गंजायची आणि कागदावर तांबडा डाग पाडायची. डाग नसला की हेर पकडला जायचा, असं सांगतात. ही गोष्ट मुद्दाम सांगितली, कारण पुढे आपल्या ट्रंकेतल्या टाचण्यांकडे यायचं आहे.

आता तुम्ही म्हणाल, बेळगुंदीच्या गणपतीत रशियन आरमाराचं काय काम? थोडं आहे. आपल्या नौदलाची पहिली पाणबुडी आयएनएस कलवरी ही ८ डिसेंबर १९६७ रोजी सोव्हिएत संघातल्या रीगा बंदरात आपल्या ताफ्यात दाखल झाली. म्हणून आजही ८ डिसेंबरला पाणबुडी दिन पाळतात. वर्षभराने दुसरी आली, तिचं नाव खांदेरी. शिवाजी महाराजांनी १६७९ साली समुद्रात ज्या बेटावर किल्ला उभारला, त्या बेटाचं नाव घेऊन एक पाणबुडी थेट बाल्टिक समुद्रातून निघाली. १९७१ साली कराचीवर हल्ला करणाऱ्या क्षेपणास्त्र नौकाही सोव्हिएत बनावटीच्या. त्यांच्या खलाशांचं प्रशिक्षण व्लादिवोस्तोकला झालं होतं, आणि हल्ल्याच्या रात्री शत्रूला कळू नये म्हणून आपली पोरं रेडिओवर रशियन बोलत होती, असं नौदलातली जुनी माणसं सांगतात. म्हणजे त्या छोट्या पुस्तिका खिशात बाळगणाऱ्या माणसांनी आपल्या माणसांना शिकवलं होतं.

मग १९९१ साल आलं आणि तो देशच संपला. पुस्तिकेच्या पहिल्या पानावर ज्या देशाचं नाव, तो नकाशावर नाही. १९९२ या एका वर्षात रशियात वस्तूंच्या किमती सुमारे २६ पट झाल्या. तीस वर्षं समुद्रावर काढलेल्या माणसाच्या पेन्शनीत पावही परवडेना. मॉस्कोच्या इझमायलोवो बाजारात म्हातारी माणसं चादर अंथरून बसली आणि चादरीवर पदकं, टोप्या, पट्टे, ओळखपत्रं. काळ्या समुद्रातलं आरमार तर १९९७ साली रशिया आणि युक्रेन या दोन देशांत वाटलं गेलं. कालचे सोबती, एकाच जहाजावरचे, आज दोन परक्या देशांचे नागरिक.

आज त्या पुस्तिका जगभर फिरतात. रशियात सरकारी पदकं आणि अधिकृत कागदपत्रं विकणं-घेणं हा फौजदारी गुन्हा आहे, तरी फिरतात. घेणारा काचेच्या कपाटात ठेवतो, पाहुण्यांना दाखवतो. त्याला फोटोतला माणूस आवडतो, यात खोटं काही नाही. पण प्रत्येक पुस्तिकेमागे एक घर आहे, आणि त्या घरातून ती कधीतरी अडचणीत बाहेर पडली आहे. त्या माणसाचा नातू आज आजोबांचं नाव शोधत असेल, आणि नाव भलत्याच देशात भलत्याच माणसाच्या कपाटात असेल.

आता लांबचं सोडतो आणि आपल्या घरात येतो.

आपण कुठे राहतो बघा. बेळगावची छावणी आपल्यापासून सायकलच्या अंतरावर. मराठा लाईट इन्फंट्री, म्हणजे आपल्या भाषेत ‘पलटण’. तिच्या सर्वांत जुन्या बटालियनची स्थापना १७६८ सालची. १९२२ साली ब्रिटिशांनी जुन्या पलटणी एकत्र करून त्यांना पाचवी मराठा लाईट इन्फंट्री हे नाव दिलं आणि प्रशिक्षणाचं ठाणं बेळगावला आलं. तेव्हापासून आजपर्यंत ते इथेच आहे. मिरग बरसला की पोरं शेतात आणि भरती निघाली की पोरं मैदानात, हे आपल्या पश्चिम भागाचं वेळापत्रक. बेळगुंदी, बिजगर्णी, सोनोली, राकसकोप, तिकडे खानापूर, चंदगड, निपाणी, कुठल्याही गावात जा, दर चार-पाच घरांमागे एका घरात माळ्यावर काळी किंवा हिरवी पत्र्याची ट्रंक आहे. झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, नाव. त्या ट्रंकेत जुन्या गोधड्या, हळदीची पिशवी, आणि सगळ्यात तळाशी कागद.

त्या कागदांत काय असतं? पहिलं, डिस्चार्ज बुक किंवा डिस्चार्ज सर्टिफिकेट. त्यात नंबर, हुद्दा, नाव, बापाचं नाव, जात, गाव, पोस्ट, तालुका, जिल्हा. उंची किती, अंगावर खूण कुठे. किती वर्षं नोकरी, कुठल्या मोहिमा, कुठली पदकं, जखमी झाला होता का. शेवटी वर्तणूक. तिथे ‘एक्झेम्प्लरी’ असा शब्द असेल तर समजा, तुमचा आजा पलटणीत आदर्श म्हणून ओळखला जात होता. सही करता न येणाऱ्याच्या अंगठ्याचा ठसा. दुसरं, पे-बुक. पगार किती, घरी किती पाठवायचा, आणि मेला तर कळवायचं कुणाला. हे शेवटचं कलम नीट वाचा. बऱ्याच ठिकाणी तिथे आईचं नाव असतं, कारण पोरगा एकोणीस-वीस वर्षांचा आणि लग्न झालेलं नसे. तिसरं, पेन्शनचा कागद, पीपीओ. चौथं, पत्रं. पाचवं, पदकं.

पदकांबद्दल एक गोष्ट सांगतो, ती घरी जाऊन करून बघा. पहिल्या महायुद्धाचं चांदीचं पदक असेल तर त्याच्या सपाट बाजूवर काही शोधू नका, तिथे फक्त राजा आणि घोडा आहे. पदक उभं धरा आणि कडेवर बघा. रुपयाच्या नाण्याला जिथे दातरे असतात, त्या कडेवर बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव, पलटण कोरलेली असते. बैल हाकणाऱ्या, बिगारी काम करणाऱ्या माणसांना तेच पदक चांदीऐवजी काशाचं दिलं गेलं. मरण दोघांचं सारखंच, धातू वेगळा. चांदीची पदकं किती गेली म्हणता? सोनाराकडे वजनावर गेली. पोरीच्या लग्नात पैंजण झाली. कुणाला दोष द्यायचा? घरात चांदी म्हणून तेवढीच असायची.

एका घरी मी गेलो होतो. चुलीजवळच्या घागरीवर झाकण म्हणून काशाची एक जाड चकती होती, वीतभरापेक्षा बरीच लहान. आजी म्हणाल्या, "ही सासूच्या वेळची थाळी हाय, जड लई." पुसून बघितलं तर एका बाजूला त्रिशूळ धरलेली बाई, सिंह, आणि एका चौकटीत नाव. पहिल्या महायुद्धात मेलेल्या प्रत्येकाच्या घरी ब्रिटिश सरकारने अशी चकती पाठवली होती. साम्राज्यभरात अशा साडेतेरा लाखांच्या आसपास निघाल्या. त्यावर मुद्दाम हुद्दा घातलेला नाही. जनरल असो की शिपाई, फक्त नाव. ज्या नावाची चकती घागरीवर होती, तो आजींच्या सासऱ्यांचा थोरला भाऊ निघाला. घरात कुणाला एवढंच ठाऊक होतं की, एक आजा ‘बसऱ्याला गेला तो आलाच नाही’.

‘बसऱ्याला गेला’ हे शब्द आपल्या भागात बऱ्याच घरांत ऐकू येतात. बसरा म्हणजे आजच्या इराकचं बंदर. पहिल्या महायुद्धात आपल्या मराठा पलटणी तिथे उतरल्या आणि नदीकाठाने वर बगदादच्या दिशेने गेल्या. डिसेंबर १९१५ मध्ये कुत-अल-अमारा या गावात वेढल्या गेल्या. १०३ वी, ११० वी, ११७ वी, तिन्ही मराठा पलटणी आत. १४७ दिवस वेढा चालला. घोडे कापून खायची पाळी आली. २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाली, सुमारे तेरा हजार माणसं कैद झाली, त्यांत बहुसंख्य हिंदी. पुढे वाळवंटातून चालवत नेलं आणि वाटेत असंख्य मेले.

आता मुद्द्याचं ऐका. या मोहिमेत मेलेल्या आणि ज्यांची थडगी सापडत नाहीत अशा चाळीस हजारांवर माणसांचं स्मारक बसऱ्याला आहे. पण त्या दगडावर साध्या हिंदी शिपायांची नावं कोरली नाहीत. पलटणीचं नाव आणि पुढे आकडा, एवढंच. गोऱ्या शिपायाचं नाव कोरलं, आपल्या शिपायाचा आकडा. २०२१ साली त्या स्मारकांची देखभाल करणाऱ्या राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने स्वतःच्या चौकशी अहवालात हा भेदभाव मान्य केला आणि माफी मागितली. माफी मिळाली हे चांगलं झालं. पण नावं कुठून आणायची? पंजाबात एक घबाड सापडलं. लाहोरच्या संग्रहालयात तीन लाखांवर सैनिकांच्या नोंदवह्या होत्या, त्या त्याच वर्षी लोकांसमोर यायला लागल्या, आणि परदेशात वाढलेल्या पंजाबी पोरांना पणजोबाचं नाव गावासकट मिळालं. आपली नोंदवही मात्र एका जागी बांधून ठेवलेली नाही. ती आपल्या माळ्यांवर, शेकडो ट्रंकांत वाटलेली आहे. दर पावसाळ्यात तिची चार पानं कुजतात.

दुसरी गोष्ट. सोव्हिएत ओळखपत्रावरचा देश नाहीसा झाला, असं मी मघाशी म्हटलं. आपल्या आजोबांच्या कागदावरचा पत्ता वाचून बघा. गाव बेळगुंदी, तालुका बेळगाव, जिल्हा बेळगाव, बॉम्बे. आजा त्याच घरात जन्मला, त्याच घरात वारला. घर हललं नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी घराभोवतीचं राज्य बदललं, ते म्हैसूर झालं. १९७३ साली त्या राज्याचं नाव कर्नाटक झालं. २०१४ साली बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं. चंदगड तालुका ५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता, तो कोल्हापुरात गेला. एकाच पलटणीत, एकाच खंदकात असलेले दोन मित्र, एक चंदगडचा, एक बेळगुंदीचा. डिस्चार्ज बुकात दोघांचा जिल्हा एक. आज एकाचा नातू मुंबईला मंत्रालयात अर्ज करतो, दुसऱ्याचा बेंगळुरूला विधानसौधात.

मी राजकारण बोलायला उभा नाही. आपण कोण, कुठले, हे सांगण्यासाठी आपण गेली साठ-सत्तर वर्षं मोर्चे काढले, निवडणुका लढवल्या, कोर्टाची पायरी चढलो. आणि ज्या कागदावर सरकारी शिक्क्यानिशी आपल्या घराचं नाव, गाव, मातृभाषा लिहिलेली आहे, तो कागद आपण उंदरांच्या हवाली केला, एवढंच मला दिसतं.

यात बायकांचं नुकसान सगळ्यांत जास्त होतं. एक उदाहरण देतो, नाव सांगत नाही. एका माजी सैनिकाची विधवा. नवऱ्याच्या फौजेच्या नोंदीत बायकोचं नाव माहेरचं, कारण पार्ट टू ऑर्डर झाली तेव्हा कारकुनाने तेच ऐकून लिहिलं. सासरी लग्नात नाव बदललेलं, मतदारयादीत ते. रेशन कार्ड कन्नडमधून झालं तेव्हा पार्वतीचं पार्वतव्वा झालं. आधार कार्डावर आणखी चौथंच स्पेलिंग. बाई एक, नावं चार, आणि कुटुंब निवृत्तिवेतन अडकलेलं. पोरगा दीड वर्ष हेलपाटे घालत होता. शेवटी ट्रंकेच्या तळाशी, कागदाखालच्या कागदात, नवऱ्याच्या जुन्या पुस्तकात बायकोची दोन्ही नावं आणि लग्नाची तारीख एका ओळीत लिहिलेली सापडली. त्या एका ओळीवरून पुढचं प्रतिज्ञापत्र झालं, आणि काम मार्गी लागलं. ते पुस्तक आदल्या वर्षी दिवाळीच्या सफाईत रद्दीत काढलं होतं. आजीनेच परत उचलून ठेवलं होतं, का, तर ‘धन्याचा फोटो हाय आत’ म्हणून.

आता मी काय गोळा करतो ते सांगतो. नोकरी शाळेत केली, त्यामुळे पैसा बेताचाच. पण निपाणी, बेळगाव, कोल्हापूर इथल्या रद्दीच्या दुकानांत गेली कित्येक वर्षं फिरतो. जे कागद घरातून आधीच सुटले आहेत, ज्यांना कुणी वाली नाही, तेवढेच विकत घेतो. घरातून कधी विकत घेत नाही. कुणी दारात घेऊन आला तरी घेत नाही. त्याला म्हणतो, बस, चहा घे, मी फोटो काढून घेतो, कागद तुझ्या घरीच राहू दे. शहरांतून माणसं गाड्या घेऊन येतात, पदकाला हजार-दोन हजार देतात, हे तुम्ही बघितलं असेल. त्यांना पदक हवं असतं, कागद ते उकिरड्यावर टाकतात. म्हणजे पदक एका राज्यात, कागद मातीत, आणि नातू रिकाम्या हाताने. पदक आणि कागद एकत्र असले तर एका माणसाचं आयुष्य उभं राहतं. वेगळे झाले की एक धातूचा तुकडा आणि एक रद्दीचा तुकडा. रशियन पुस्तिका गोळा करणाऱ्यांचाही हाच नियम आहे, जोडी मोडली की अर्धं मोल गेलं.

कायद्याची बाजूही ध्यानात ठेवा. १९७२ च्या पुरातन वस्तूंच्या कायद्यात ऐतिहासिक मोलाचा दस्तऐवज पंचाहत्तर वर्षांचा झाला की तो पुरातन वस्तू ठरू शकतो, आणि पुरातन वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. दुसऱ्या महायुद्धातले आपले कागद आता त्या वयाचे झालेत. गाडी घेऊन येणाऱ्याला एवढं विचारायला हरकत नाही की, बाबा, हे पुढे कुठे जाणार?

निपाणीच्या एका रद्दीच्या दुकानात तंबाखूच्या वखारीच्या जुन्या कीर्दवह्यांच्या गठ्ठ्यात मला एक डिस्चार्ज बुक मिळालं. बुरशी लागलेलं, मधली दोन पानं चिकटलेली. गाव चंदगड तालुक्यातलं, जिल्हा बेळगाव. पलटण दुसरी बटालियन, पाचवी मराठा. आणि एका रकान्यात ‘प्रिझनर ऑफ वॉर’. ही बटालियन जून १९४२ मध्ये आफ्रिकेतल्या तोब्रुकला वेढ्यात सापडली. २१ जूनला तोब्रुक पडलं आणि माणसं कैद होऊन इटलीला गेली. गावाचं नाव आणि बापाचं नाव हाताशी होतं, एसटीने गेलो. देवळात विचारलं, पारावर विचारलं, तिसऱ्या माणसाने घर दाखवलं.

नातू पन्नाशीचा. पुस्तक हातात घेऊन बराच वेळ बोलला नाही. मग त्याने आईला हाक मारली. म्हातारी, म्हणजे त्या सैनिकाची सून, बाहेर आली. मी ‘इटली’ म्हटल्यावर तिला हसू आलं. म्हणाली, "मामंजी जेवायला बसलं की थट्टेनं म्हणायचं, ‘पाने, पाने’. सासूबाई उठून विड्याचं पान आणून द्यायच्या. मग तर ते अजून हसायचं. आम्हाला वाटायचं, म्हाताऱ्याला पानाचं येड लागलंय." इटालियन भाषेत ‘पाने’ म्हणजे पाव, भाकरी. कैदेत पोट भरण्यासाठी शिकलेला शब्द त्याने चाळीस वर्षं जपला, आणि घरात कुणाला त्याचा अर्थ कळला नव्हता. त्या दिवशी कळला. पुस्तक मी तिथेच ठेवून आलो. माझ्याकडे फोटो आहेत, तेवढे पुरे.

म्हणजे बघा, कागदात ‘प्रिझनर ऑफ वॉर’ एवढंच होतं, आणि घरात ‘पाने’ एवढंच होतं. दोन्ही एकत्र आले तेव्हा आजा कळला. यासाठी कागद घरात हवा. संग्रहालयात गेला तरी चालेल, बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरला चांगलं संग्रहालय आहे, पण तिथे तो घराने, आपल्या खुशीने, नावानिशी दिलेला हवा. रद्दीतून नाही.

आता थोडं कामाचं. बायकांनी विशेष ऐकावं, कारण ट्रंकेची किल्ली तुमच्याकडे असते.

एक. कागदाला लॅमिनेशन करू नका. प्लास्टिक उष्णतेने कागदाला चिकटतं, आतली दमट हवा आतच राहते, आणि परत काढता येत नाही. सेलोटेपही नको. तिचा गोंद पिवळा पडतो आणि अक्षरं खातो.

दोन. गंजलेली टाचणी, पिन, क्लिप अलगद सोडवून काढा. हेर पकडायला ती उपयोगी पडली असेल, आपल्याकडे ती कागद कुरतडते. ओढू नका, मागून पाय सरळ करा आणि मग काढा.

तीन. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला मी काय सांगू! आषाढात भिंतीला घाम येतो. ट्रंक भिंतीला टेकवू नका, जमिनीवर ठेवू नका, खाली दोन विटा ठेवा. कागद धुतलेल्या सुती कापडात गुंडाळा. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवलेला कागद आतल्या आत कुजतो. कडुनिंबाचा पाला ठेवायचा तर पूर्ण वाळवून, कापडाच्या बाहेरून. दसऱ्यानंतर ऊन पडलं की सावलीत, वाऱ्यावर एक दिवस उघडं करा. थेट उन्हात नको, शाई उडते.

चार. पदक चिंचेने, राखेने, ब्रासोने घासू नका. चकाकी येते आणि कडेवरचं नाव जातं. काळं पडलंय तर पडू दे.

पाच. मोबाईल सगळ्यांकडे आहे. प्रत्येक पानाचा फोटो काढा, कोऱ्या दिसणाऱ्या पानाचाही. दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी, फ्लॅश न मारता. घरातल्या दोघा-तिघांच्या मोबाईलवर पाठवा. पुण्याला, मुंबईला, गोव्याला, परदेशात असलेल्या भावंडांना पाठवा. एक ट्रंक बुडाली तरी चार ठिकाणी नाव राहील.

सहा, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. घरात अजून आजी असेल, मोठी आत्या असेल, तर फोटो दाखवून विचारा, हा कोण? तिने सांगितलेलं फोटोच्या मागे मऊ शिसपेन्सिलीने लिहा, पेनाने नको. अल्बममध्ये नाव नसलेला फोटो दोन पिढ्यांत परका होतो.

शेवटी मंडळापुढे एक विनंती ठेवतो. सजावटीवर आपण दरवर्षी खर्च करतो, करावा. त्यातच एक लहान गोष्ट बसते. उत्सवाच्या दिवसांत मंडपाच्या या कोपऱ्यात एक टेबल, एक दिवा आणि गावातली दोन कॉम्प्युटर येणारी पोरं बसवू. ज्यांच्या घरात ट्रंक आहे त्यांनी कागद आणायचे, समोर बसून फोटो काढून घ्यायचे, आणि कागद घरी परत न्यायचे. एका वहीत नोंद करायची, नंबर, हुद्दा, नाव, बापाचं नाव, पलटण, कुठे लढला, परत आला की नाही. वही मंडळाकडे, एक प्रत शाळेत, एक वाचनालयात. त्या वहीत फौजेतल्यांबरोबर त्यांच्या आयांची आणि बायकांचीही नावं असावीत, कारण मागे शेती त्यांनीच केली. आजूबाजूच्या गावांनी आपापली वही केली तर पाच वर्षांत या भागाची एक यादी उभी राहील. बसऱ्याच्या दगडावर ज्यांचा आकडा झाला, त्यांच्यातल्या काहींना तरी त्यांचं नाव परत मिळेल. ते काम परदेशातलं ऑफिस करणार नाही, कारण त्यांच्याकडे ट्रंकेची किल्ली नाही.

टेबल मी माझ्या घरचं देतो. उद्या संध्याकाळी आरतीनंतर मी इथे बसतो. ज्यांना जमेल त्यांनी कागद घेऊन या. ज्यांना ट्रंक जिन्यावरून उतरवणं झेपत नाही, त्यांनी निरोप पाठवा. पोरं आणि मी घरी येऊ, चहा मात्र लागेल.

 गणपती बाप्पा मोरया!